आतून पांढरी

मगदूम सरांनी बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि तोंड दुकानाच्या दाराकडं फिरवलं.

"साहेब, आत बघा की," बाहुबलीशेट म्हणाले. "कप्पे आतनं आहेत."

"हात बघतोय ना."

"हातानं बॅग बघणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा आलं माझ्याकडं."

"म्हणजे आजवर नुसते हौशी येत होते." सरांनी हात बाहेर काढला. "ही नको. पुढची."

काउंटरवर बॅगांचा ढीग झाला होता. मी मागं एका स्टुलावर बसले होते. मांडीवर माझी पाठपिशवी, हातात फोन. फोनकडं मी बघत नव्हते, पण तो हातातून ठेवतही नव्हते. विट्याला पोचेपर्यंत मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, आणि ते उत्तर या माणसाबद्दल होतं.

*

सर भूलतज्ज्ञ. सांगलीपासून विटा, कवठे महांकाळ, जत, जिथं कुठं छोटा दवाखाना आणि त्यात ऑपरेशनची खोली असेल तिथं सर जायचे. अशा दवाखान्यांत यंत्र असतं, सिलिंडर असतो. बाकी सगळं भूल देणाऱ्याच्या बॅगेत. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. तीस वर्षं सरांनी हेच केलं होतं.

मी त्या वर्षी मिरजेतून शिकून बाहेर पडले होते. सर म्हणाले, "कोळेकर, माझ्याबरोबर फिर. डॉक्टरांना तोंड दिसलं की फोन यायला लागतात." गाडी माझी, चालवणार मी, ओळखी सर करून देणार, असं ठरलं. सरांनी गाडी चालवणं का सोडलं, हे कुणी विचारलं नाही. पाठ दुखते म्हणाले होते. भूलतज्ज्ञांच्या पाठी दुखतातच.

*

चाकांबद्दल.

"ही घ्या साहेब, चार चाकं. बोटानं ढकलली की पळते."

"तेच तर. जतच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीला उतार आहे. मी दारात असेन, ही पेशंटच्या पायापाशी."

"मग दोन चाकांची."

"दोन चाकं पण नकोत. खडीवर किती दिवस टिकणार? मला उचलायची आहे, फिरवायची नाही."

"वजन होतं हो. वय बघा की आपलं."

"वय तुम्ही बघा. मी बॅग बघतो."

*

फोन सकाळी आला होता, विट्याच्या डॉ. रुक्साना शिकलगारांचा. बाळंतपणाचा त्यांचा दवाखाना. दुपारी एका बाईचं सिझेरियन ठरलेलं होतं, मणक्यात भुलीचं इंजेक्शन देऊन.

"मंजिरी, एकटी आहेस?"

"हो मॅडम."

"गेल्या गुरुवारी सरांनी अँप्यूल फोडलं, औषध सिरिंजमध्ये घेतलं. आमच्या सिस्टरनं सहज रिकामं अँप्यूल उचलून बघितलं. रक्तस्राव थांबवायचं औषध होतं ते. मणक्यात गेलं असतं तर बाई टेबलावरच गेली असती. तुला सांगायला नको."

मला खरंच सांगायला नको होतं.

"सर काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, सिस्टरला बढती द्या. मंजिरी, माझ्या दोन्ही बाळंतपणांत भूल त्यांनी दिली. मी त्यांना कसं विचारू? हात, डोळे की लक्ष, काय बिघडलंय मला कळत नाही. काही बिघडलंय की एकदा चुकले, तेही कळत नाही. तू आज दिवसभर बरोबर आहेस. बघ. माझ्या दारात पोचलीस की मला एवढंच सांग, आज त्या बाईच्या उशाशी कुणी बसायचं?"

*

सरांची जुनी बॅग काउंटरच्या एका टोकाला ठेवली होती. काळी, कोपऱ्यांना घासून पांढरी पडलेली. चेन तुटली म्हणून ती एका पट्ट्यानं बांधली होती. बाहुबलीशेट तिची चेन बघायला हात पुढं करणार, तेवढ्यात सर म्हणाले, "ती नका उघडू."

आमच्यात एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण प्रत्येक भूलतज्ज्ञ पाळतो. दुसऱ्याच्या बॅगेत हात घालायचा नाही. उघडी असली तरी नाही, घाई असली तरी नाही. विचारायचं. कारण पेशंटचा श्वास थांबला की बघायला वेळ नसतो, हात नेहमीच्या जागी जातो, आणि त्या जागी तीच वस्तू असावी लागते. कुणी चांगुलपणानं आवरून ठेवलं तरी ते घात करण्यासारखंच.

म्हणून बॅग निवडणं ही आमच्यात गंमत नव्हती. कुठून उघडते, झाकण कुठल्या बाजूला पडतं, कप्पा डावीकडं की उजवीकडं. दोन भागांत उघडणारी नको, कारण अर्धा माल मांडीवर पडतो. कडक नको, फरशीवर आपटली की पेशंट दचकतो. विमानात पायाशी मावते तेवढीच हवी, कारण तेवढीच स्टुलाखाली बसते. हे सगळं सर मला दुकानात मोठ्यानं सांगत होते, वर्गात शिकवल्यासारखं, आणि मी मनात म्हणत होते, यात कुठं काय बिघडलंय? हे डोकं तर लख्ख आहे.

मला फार बरं वाटत होतं.

*

"आतून पांढरी आहे का एखादी?" सरांनी विचारलं.

"आतून?"

"अस्तर. पांढरं. नाहीतर पिवळसर चालेल."

"आतून पांढरी कोण करतं साहेब? मळते. सगळ्या काळ्याच येतात."

"बघा तर."

बाहुबलीशेट माळ्यावर चढले. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज आला. मग ते एक बॅग घेऊन उतरले. वरून गडद जांभळी, हँडलला सोनेरी कडी, पुढच्या खिशावर फुलाची नक्षी.

"एकच आहे. पण ही लेडीज आहे."

सरांनी चेन ओढली. झाकण मागं पडलं. आत सायीच्या रंगाचं अस्तर होतं. सरांनी त्यात हात फिरवला नाही. पहिल्यांदाच त्यांनी मान खाली घालून आत पाहिलं, जरा तिरकं, आणि चेहरा एकदम सैल झाला.

"हीच."

"साहेब, जांभळी आहे हो."

"असू दे की."

"फूल आहे त्याच्यावर."

"बाळंतिणीकडंच चाललोय. फूल घेऊन गेलो तर काय बिघडलं?"

बाहुबलीशेट हसले. मी हसले नाही. मी स्टुलावरून उठले होते.

*

सामान सरांनी स्वतःच हलवलं. काउंटरवर, एकेक वस्तू. मी फक्त बघायचं. लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना घशात उजेड पाडणारं यंत्र, उजवीकडं. नळ्या मधोमध. रबरी चपला तळाला. टॉर्च आणि जादा सेल बाजूच्या खिशात. चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा, स्वतःची टोपी.

"टोपी आणि चप्पल आपली वापरायची. दवाखान्याची चप्पल घातलीस की नायटा घेऊन घरी येशील," सर म्हणाले. "आणि ही पाठपिशवी टाक आता. पेशंट विचारेल, पोरी, कितवीत आहेस?"

शेवटी त्यांनी साबणाच्या दोन डब्या काढल्या. त्यात अँप्यूल होती, औषधाच्या बंद काचेच्या कुप्या. एका डबीतल्या प्रत्येक अँप्यूलला रबर गुंडाळलेलं होतं. दुसऱ्या डबीतल्यांना दोन-दोन रबरं. साधी, पेपरवाला लावतो तसली.

"रबर कशाला सर?"

"वाजतात एकमेकांवर. फुटतात."

डब्यांमध्ये कापूस होता. चांगला जाड कापूस. त्यात अँप्यूल वाजणं शक्य नव्हतं.

*

तासगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. सर बोलत होते, जांभळी बॅग मांडीवर. मी हो-हो म्हणत होते आणि काय म्हणत होते ते मला ऐकू येत नव्हतं.

रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, कडुलिंबाखाली. मी गाडी बाजूला घेतली.

"आत्ताच कसला चहा? विट्यात मिळेल की."

"मला हवाय."

चहा आला. आम्ही गाडीच्या बॉनेटपाशी उभे. बॅग बॉनेटवर. ऊन लख्ख होतं.

"सर," मी म्हणाले, "बॅगेत हात घालू?"

सरांचा कप ओठांपाशी थांबला.

"कशाला?"

"दोन अँप्यूल घ्यायची आहेत."

नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

"घाल," ते म्हणाले.

मी दोन्ही डब्या उघडल्या. दोन्हीतून एकेक अँप्यूल काढलं आणि त्यांच्यासमोरच रबरं सोडवली. रबर सुटताना बारीक आवाज झाला, तेव्हा सरांच्या भुवया हलल्या. सारख्या लांबीची दोन अँप्यूल, पाण्यासारखं औषध, काचेवर बारीक अक्षरं. मी दोन्ही तळहातावर धरली.

"यातलं मणक्यात द्यायचं कुठलं?"

सर हसले. "परीक्षा घेतेस होय?"

"हो."

त्यांनी कप बॉनेटवर ठेवला. एक अँप्यूल उचललं, उन्हाकडं धरलं, मान तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. अँप्यूल बोटांत फिरवलं. दुसरं उचललं. पुन्हा पहिलं.

"हे," ते म्हणाले.

बरोबर होतं.

माझा श्वास सुटला. चहा प्यावासा वाटला. मॅडमना काय सांगायचं त्याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली. एकदा चुकले, कुणीही चुकतं, वय झालंय पण... आणि मग मी सरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तेही श्वास सोडत होते.

मी हात पाठीमागं नेले. अँप्यूल इकडची तिकडं केली. पुन्हा पुढं धरली.

"परत एकदा, सर."

"एकदा बरोबर सांगितलं ना?"

"परत."

"किती वेळा सांगायचं असतं तुमच्यात? आमच्या वेळी एकदाच विचारायचे."

"पेशंटला पण एकदाच देणार आहात, सर."

त्यांनी हात पुढं केला नाही.

टपरीवाला भजी तळत होता. एक ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ चहात पडली.

*

"मधोमध डाग आहे," सर म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. रस्ता दिसतो, दार दिसतं. तुझ्याकडं बघितलं की तुझे कान दिसतात. तोंड नाही."

"दाखवलंत कुणाला?"

"मिरजेत. आहे तेवढं टिकवू म्हणाले."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"सर, मग तुम्ही..."

"मणका बोटानंच शोधतात, कोळेकर. डोळ्यांनी नाही. नाडी बोटाला कळते. श्वास कानाला कळतो. माझा हात आजही तुझ्यापेक्षा हलका आहे. माझ्या सुईला बाई हूं म्हणत नाही."

"अँप्यूल बोटानं वाचता येत नाही."

"म्हणून तर रबर."

"रबर कोण लावतं?"

"मीच. दुसरं कोण लावणार?"

"काय वाचून?"

त्यांनी बॉनेटवरचा कप उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "सकाळी गच्चीत बसतो. उन्हात. भिंग घेऊन. एकेक बघतो, दोनदोनदा. घरी कुणाला माहीत नाही, त्यांना वाटतं सूर्यनमस्कार घालतो."

"आणि गेल्या गुरुवारी?"

सरांनी बॅगेचं झाकण लावलं. चेन शेवटपर्यंत ओढली.

"गुरुवारी ढग होते," ते म्हणाले.

*

त्या दिवसानंतर सर माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. हे इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटेल की सगळं गोडीगुलाबीनं मिटलं. तसं मिटलं नाही. एका लग्नात ते समोरून आले. मी नमस्कार केला. त्यांनी आवाज ओळखला आणि शेजारच्याला विचारलं, "वरण कुठं वाढतायत?" त्यांच्या मुलीनं मला फोन करून सांगितलं, की बाबा दिवसभर गॅलरीत बसतात आणि कुणी कुठल्या गावाला निघालं की बॅग कशी भरायची ते सांगतात. ती भांडायला फोन करत नव्हती.

त्यांचे सगळे दवाखाने माझ्याकडं आले. ओळखी करून दिल्या होत्याच.

*

टपरी ते विटा गाडीत एवढंच बोलणं झालं.

"रुक्सानानं सांगितलं होतं?"

"हो."

"मग मलाच विचारायचं. मी दुकानात दोन तास उभा होतो."

"तुम्ही खरं सांगितलं असतं?"

"नसतं," सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "घरी बसून काय करू? पेपर वाचू?"

*

मॅडम दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. हिरवा गाऊन घालूनच बाहेर आल्या होत्या. सर आपल्या बाजूनं उतरले, बॅग हातात. मॅडमनी ती जांभळी बॅग पाहिली, सरांना पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. विचारायचं सकाळी विचारून झालं होतं.

मला वाटलं होतं, बाजूला घेऊन सांगता येईल. पण पायरीच्या कडेला पेशंटची सासू बसली होती. ती उठून सरळ सरांकडं आली.

"डॉक्टर, तुमीच हाईसा न्हवं? माझ्या थोरल्या सुनंला तुमीच सुई दिली हुती. हिला तुमीच द्या. ही लई भित्री हाय."

सर तिच्याकडं वळले. त्यांचं तोंड उघडलं. ते हो म्हणणार होते. त्यांनी नेहमी हो म्हटलं होतं. आणि एकदा त्यांनी हो म्हटलं असतं, तर त्या म्हातारीसमोर ते मागं घेणं मला जमलं नसतं, मॅडमना तर नाहीच.

"मी देणार आहे," मी म्हणाले.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठपिशवीपाशी तिची नजर थांबली. "ही?"

मॅडम पटकन म्हणाल्या, "चला मावशी, आत चला. डॉक्टर मंजिरी चांगल्या आहेत."

"आन् हे मग कशापायी आलेत?"

सर पायरीवर उभे होते, बॅग अजून हातातच. मला वाटलं आता ते गाडीकडं जातील, नाहीतर मला काहीतरी बोलतील. बोललेही.

"बघ रुक्साना," ते म्हणाले. "हिला गावोगाव दारं दाखवली मी. आता हीच दारात उभी राहून मला अडवतेय."

मॅडमचे डोळे भरले. माझे भरले नाहीत. भरायला हवे होते, पण डोक्यात एकच होतं, आतली बाई वाट बघतेय.

सरांनी बॅग खाली ठेवली. भिंतीकडेला, पायरीवरच. आणि आत गेले.

*

ऑपरेशनच्या खोलीत म्हातारीची सून, सारिका, टेबलाच्या कडेला बसली होती, पाय स्टुलावर. थरथरत होती. मणक्यात सुई देताना पेशंटनं पाठ पुढं वाकवून अगदी निश्चल बसावं लागतं. समोरून कुणीतरी तिला धरायचं असतं. ते काम वॉर्डबॉयचं, नाहीतर आयाचं.

मी कपडे बदलून आले तेव्हा सर तिच्यासमोर उभे होते. टोपी, मास्क. तिचं कपाळ त्यांच्या खांद्यावर होतं, तिचे हात त्यांच्या कमरेभोवती.

"काय नाव म्हणालीस?"

"सारिका."

"माहेर कुठलं?"

"पलूस."

"पलूसच्या बायका भित्र्या नसतात. सासूला खोटं सांगितलंस होय? उशी पोटाशी धरतेस तशी पाठ कर. आणखी. शाब्बास. आता मांजर अंगावरनं गेलं तरी हलायचं नाही."

ती हसली. हसली आणि अंग सैल सोडलं. मला इतकी वाकलेली, इतकी शांत पाठ त्याआधी कधी मिळाली नव्हती.

मी माझ्या पिशवीतलं अँप्यूल काढलं. नाव मोठ्यानं वाचलं. सिस्टरसमोर धरलं, तिनंही मोठ्यानं वाचलं. सर दुसऱ्या बाजूला, सारिकाला धरून. मी दोन मणक्यांमधली जागा बोटानं शोधली. सुई घातली. आतली तार काढली आणि थांबले.

खोलीत फक्त यंत्राचा टिकटिक आवाज होता.

"आला थेंब?" सरांनी विचारलं.

आजवर त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नसेल. सुईच्या बाहेरच्या टोकाशी मणक्यातल्या पाण्याचा थेंब आला की आपण जागेवर आहोत, हे भूल देणारा स्वतःच बघतो. तो दुसऱ्याला विचारत नाही. सिस्टरनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मॅडमचे हात मोजे घालता घालता थांबले. सगळ्यांना कळलं.

"आला, सर."

"कसा आहे?"

"स्वच्छ."

"लाल छटा?"

"अजिबात नाही."

सरांनी सारिकाचं डोकं आणखी जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मग थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "दे."